डाख लागण्याआधी

कानातल्या टॉप्सच्या पाठीमागे जी दांडी असते, तिची जाडी एक मिलिमीटरच्याही आत असते. 0.8 मिलिमीटरची तार घेतली तर तिचे टोक फुलाच्या पाठीला जेमतेम अर्ध्या चौरस मिलिमीटर जागेवर टेकते. एवढ्याशा आधारावर दांडीने काटकोनात उभे राहायचे, फूल पुढे झुकू नये म्हणून मध्यापासून किंचित वर राहायचे आणि वर्षानुवर्षे फिरकीचा पीळ सोसायचा. ती झाळायला काही सेकंद लागतात. तिला जागेवर उभी करून, विस्तव लागल्यावरही ती तिथेच राहील अशी तजवीज करायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. सोनाराच्या दुकानात बघणाऱ्याचे लक्ष ज्योतीकडे असते, पण दागिना साधतो किंवा बिघडतो तो बहुतेक वेळा ज्योत पेटण्याआधी. हे प्रकरण त्या आधीच्या वेळाबद्दल आहे.

डाख म्हणजे जोडायच्या धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. चांदीचा डाख चांदी, तांबे आणि जस्त यांचा करतात. सोन्याच्या डाखात सोन्यातच चांदी, तांबे, जस्त असे धातू मिसळलेले असतात. जोडायचे दोन्ही तुकडे घनच राहतात. वितळतो तो फक्त डाख, आणि तो दोघांच्या मधल्या फटीत ओढला जातो. ही ओढ केशाकर्षणाची. फट जितकी अरुंद तितकी ती जोरदार. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी फट असली की डाख स्वतःहून आत धावतो. फट त्याहून रुंद झाली की तो दोन्ही कडांवर पसरतो, मध्ये पोकळी ठेवतो, नाहीतर एकाच बाजूला गोळा होऊन बसतो. नवशिक्याला वाटते की जुळले नाही तरी डाख भरून काढील. डाख काही भरून काढत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन तुकडे एकमेकांना टेकवून आधी उजेडाकडे धरतो. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की तो पुन्हा कानस उचलतो.

तुकडे नीट जुळले तरी काम संपत नाही, कारण विस्तवात ते जागेवर राहत नाहीत. ते का हलतात हे समजून घेतले तर धरण्याच्या सगळ्या युक्त्यांचा अर्थ लागतो.

पहिले कारण टाकणखार. सोन्याचांदीत मिसळलेले तांबे तापताच हवेतला प्राणवायू घेऊन काळे पडते, आणि त्या काळ्या थरावर डाख पसरत नाही. टाकणखार वितळला की तो हा थर विरघळवून टाकतो आणि धातूवर काचेसारखे पांघरूण घालतो. पण टाकणखाराच्या स्फटिकात पाणी भरपूर असते. तापवताच ते पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागते आणि खार फसफसून फुलतो. आयुर्वेदाची औषधे करणारे टाकणाची लाही करतात, ती हीच क्रिया. तव्यावर ती निरुपद्रवी असते. सांध्यावर मात्र फुलणारा खार दांडीला आडवी पाडतो, कडीला सरकवतो आणि डाखाचा बारीक तुकडा उडवून कोळशात नेऊन टाकतो. पुढे 743 अंश सेल्सिअसला खार पाण्यासारखा पातळ होतो, तोवर जे सरकायचे ते सरकून गेलेले असते. यावर उपाय दोन. एक तर ज्योत लांब धरून, खार फुलून शांत होईपर्यंत धीर धरायचा, आणि जे हलले असेल ते बारीक सळईने परत जागेवर आणायचे. किंवा खाराची लाही आधीच करून, ती कुटून वापरायची. दोन्हींत घाई चालत नाही.

दुसरे कारण खुद्द डाख. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे बारा पट असतो. ही ताकद किती, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. 0.8 मिलिमीटर तारेची, आतून 4 मिलिमीटर रुंद अशी चांदीची कडी घेतली तर तिचे वजन सुमारे 0.08 ग्रॅम भरते. वितळलेला डाख या कडीला केवळ दोन मिलिमीटर लांबीच्या कडेवर जरी भिडला, तरी त्याची ओढ 0.18 ग्रॅम वजनाइतकी असते, म्हणजे कडीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. सुटी ठेवलेली कडी डाख वितळताच तरंगल्यासारखी फिरते ती याच ओढीने. दोन्ही बाजूंना डाख सारखा असेल आणि उष्णताही सारखी असेल तर ही ओढ कडीला आपोआप मध्यावर आणते, आणि अनुभवी हात तिचा उपयोगही करून घेतात. पण एका बाजूला डाखाचा कण जरा मोठा पडला की कडी तिकडे झुकते आणि त्याच स्थितीत गोठते. म्हणून डाखाचे तुकडे सारखे कापणे हेसुद्धा जुळवणीचेच काम आहे.

तिसरे कारण उष्णता. डाख नेहमी जास्त तापलेल्या धातूकडे धावतो. फुलाचा पत्रा मोठा आणि दांडी लहान. दोघांवर सारखी ज्योत धरली तर दांडी क्षणात लाल होते आणि पत्रा थंडच असतो. मग डाख दांडीवर चढतो आणि सांधा कोरडा राहतो. ज्योत आधी मोठ्या तुकड्याभोवती फिरवायची आणि लहानाला शेवटच्या क्षणी झुळूक द्यायची, हा नियम इथूनच येतो. धरण्याच्या साधनाचाही यात हात असतो. जाड चिमट्याने बारीक दांडी पकडली तर चिमटा तिची उष्णता पीत राहतो, पत्रा तापून लाल होतो आणि दांडी तशीच थंड. मग कारागीर ज्योत वाढवतो आणि फुलाची एखादी पाकळी वितळवून बसतो. म्हणूनच या कामाचे चिमटे टोकाला निमुळते असतात आणि दांडी शक्य तितक्या वरच्या भागात धरली जाते. दाबल्यावर उघडणारा आणि सोडल्यावर पकडणारा उलटा चिमटाही असतो. तो एका बुंध्यावर बसवला की हाताचा कंप सांध्यापर्यंत पोचत नाही. ही सोय फार महत्त्वाची आहे, कारण डाख गोठण्याच्या त्या एका सेकंदात सांधा हलला तर तो बाहेरून लागल्यासारखा दिसतो आणि आतून तडकलेला असतो.

आता धरण्याच्या पद्धती. माझ्या मते सगळ्यांत उत्तम आधार तुकड्याच्या घाटातच असतो. दांडी बसवायची आहे तिथे तारेच्या जाडीइतक्या सुईने अगदी उथळ खळगा पाडला तर दांडीला सरकायला जागाच उरत नाही, आणि टेकण्याची जागाही वाढते. पत्र्याला पत्रा काटकोनात जोडायचा असेल तर एकाला कानशीने खाच पाडून दुसरा तीत उभा करायचा. यात वेळ जातो, पण तो एकदाच जातो. विस्तवात पडलेली दांडी पुन्हा उचलणे, काळे पडलेले सोने पुन्हा साफ करणे आणि नवा डाख ठेवणे यांपेक्षा खळगा पाडणे केव्हाही स्वस्त पडते.

तेलंगणातल्या करीमनगरचे आणि ओडिशातल्या कटकचे चांदीचे तारकाम या तत्त्वावर उभे आहे. करीमनगरच्या तारकामाला 2007 साली आणि कटकच्या तारकाशीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. यात आधी जाड तारेची चौकट करतात, पानाची, पाकळीची, मोराच्या पिसाऱ्याची. मग केसासारख्या बारीक दोन तारांना पीळ देऊन त्या चपट्या करतात आणि त्यांची वेटोळी, वळणे त्या चौकटीत बसवतात. चपट्या तारेला उलगडायची ओढ असते. चौकटीत दाबून बसवलेले वेटोळे त्या ओढीनेच कडांना टेकून राहते, शेजारच्या वेटोळ्याला रेटते आणि अवघी पाकळी एकही बांधणी न करता घट्ट बसते. त्यावर डाखाचा कीस आणि टाकणखार यांचे मिश्रण भुरभुरवले की एका झाळीत शेकडो सांधे लागतात. एवढे सांधे कोणी एकेक करून झाळू म्हणेल तर पहिला सांधा झाळून शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मे काम वितळून जाईल.

घाटातून मिळणारा आधार किती काटेकोर असावा लागतो, हे आपल्याकडच्या सात हिऱ्यांच्या कुडीत दिसते. मध्ये हिरा बसवायचे एक घर आणि भोवती सहा. एका वर्तुळाभोवती तेवढ्याच मापाची बरोबर सहा वर्तुळे एकमेकांना टेकून बसतात. भूमितीने ही जुळवणी आयतीच दिली आहे. पण ती माप सारखे असेल तरच. समजा, मधले घर चार मिलिमीटरचे आहे आणि भोवतालचे प्रत्येक घर फक्त 0.08 मिलिमीटरने लहान झाले. एकेक घर हातात घेऊन पाहिले तर हा फरक डोळ्याला कळणारही नाही. सहा घरे मधल्याला चिकटवून मांडली की हे सगळे फरक साठत जातात आणि शेवटच्या व पहिल्या घरामध्ये जवळपास पाव मिलिमीटरची फट पडते. वर सांगितलेली डाखाची मर्यादा ती केव्हाच ओलांडून गेलेली असते. उलट घरे तेवढ्याच मापाने मोठी झाली तर सहावे घर आत शिरतच नाही. कुडीचे घर घडवणारा हात म्हणूनच सतत मापत असतो, आणि सातही घरे एकाच सळईवर वळवून घेतो.

अशी सात घरे विस्तवात एकत्र कशी ठेवायची? इथे प्लास्टर ऑफ पॅरिस कामाला येते. मऊ मेणावर किंवा मुले खेळतात त्या रंगीत मातीवर घरे मांडतात, त्यांची तोंडे वर आणि पाठ मातीत थोडी रुतलेली. मांडणी मनासारखी झाली की कागदाची कड उभारून वरून प्लास्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर उलटे करून माती काढून टाकली की सातही पाठी उघड्या मिळतात, आणि तोंडे प्लास्टरमध्ये कायम धरलेली असतात. प्लास्टर पुरते वाळवावे लागते, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि मांडणी विसकटते. मेणाचा अंशही सांध्यावर राहता कामा नये. झाळून झाल्यावर कोमट असतानाच पाण्यात सोडले की प्लास्टर विरघळल्यासारखे गळून पडते. दोष एवढाच की प्लास्टर बरीच उष्णता शोषते, त्यामुळे ज्योत मोठी लागते आणि जपून फिरवावी लागते.

साध्या कामाला कोळसाच पुरतो. मऊ, सपाट कोळशात कडीपुरती चरी कोरायची, दांडीपुरते भोक पाडायचे, टोकदार काटे टोचून तुकड्याला अडसर करायचा. कोळसा उष्णता परतवतो, आणि तापला की भोवतालचा प्राणवायू स्वतः खाऊन टाकतो, त्यामुळे धातू कमी काळा पडतो. धरणारी वस्तू कामाला मदतही करते, असे फार थोड्या साधनांबद्दल म्हणता येते.

बारीक लोखंडी तारेने बांधणे ही पद्धत जगभर आहे. तिच्यात एक सापळा आहे. तापल्यावर चांदी लोखंडापेक्षा जास्त फुगते. 20 मिलिमीटर व्यासाची चांदीची अंगठी 700 अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे 0.27 मिलिमीटरने वाढतो. तेवढीच तापलेली लोखंडी तार 0.17 मिलिमीटरचीच सवड देते. उरलेले 0.1 मिलिमीटर कुठून यायचे? चांदी त्या तापमानाला मऊ असते, तेव्हा तार तिच्यात रुतते आणि अंगठीवर कायमचा वळ उठतो. जाणते लोक तार आवळून बांधत नाहीत. तिला दोन-तीन ठिकाणी नागमोडी वळण देतात, म्हणजे अंगठी फुगली की ते वळण सरळ होते आणि तार रुतत नाही. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. झाळलेला दागिना आम्लात टाकण्याआधी लोखंडाचा कणन्‌कण काढायचा. आम्लात आधीच्या कामांचे तांबे विरघळलेले असते. त्यात लोखंड गेले की ते तांबे चांदीवर येऊन बसते आणि पांढरा दागिना गुलाबी दिसू लागतो.

पोकळ मण्याचा प्रश्न वेगळा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून झाळायच्या. कडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी सरकल्या तरी नखाला पायरी लागते आणि ओवलेल्या माळेत तो मणी चटकन डोळ्यात भरतो. दोन्ही वाट्यांची तोंडे सपाट दगडावर घासून घ्यायची आणि ओवण्याची भोके आधी पाडून ठेवायची. त्या भोकांतून पेन्सिलीचे शिसे आरपार घातले की वाट्या एका रेषेत येतात. शिसे म्हणतात ते खरे ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइटला डाख चिकटत नाही. मात्र शिसे भोकात सैल असले पाहिजे. मण्यातली हवा झाळताना फुगून साडेतीन पट होऊ पाहते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती वितळलेल्या डाखातून मार्ग काढते आणि सांध्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र ठेवते.

मात्र या साऱ्या साधनांचा उपयोग तुकडा चिमट्यात येतो तोवरच. रवाकामात तो येतच नाही. रवा म्हणजे सोन्याचा बारीक गोळा. तारेचे कण कोळशाच्या भुकटीत थर देऊन मुशीत तापवले की प्रत्येक कण पृष्ठताणामुळे स्वतःच गोल होतो. पाव मिलिमीटर व्यासाचा रवा घेतला तर एका ग्रॅम सोन्यात असे सहा हजारांहून जास्त रवे निघतात. हे रवे नक्षीप्रमाणे ओळीत मांडायचे आणि ज्योतीच्या झोतात एकही उडू द्यायचा नाही. इथे चिकटवण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि चिकटवणारी वस्तू अशी हवी की जळताना फुगणार नाही, उकळणार नाही, राख मागे ठेवणार नाही.

भारतातल्या सोनारांनी यासाठी गुंजेचे बी निवडले. तांबड्या अंगाचे, काळ्या डोळ्याचे हे बी त्यांच्या पेटीत आधीपासून होतेच, कारण ते वजन होते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. तेच बी टरफल काढून पाण्यात उगाळले की दाट, चिकट लेप मिळतो. त्यात थोडा टाकणखार मिसळून कुंचल्याच्या टोकाने रवा उचलायचा आणि नक्षीवर ठेवायचा. लेप वाळला की दागिना उभा धरला तरी रवा पडत नाही. विस्तव लागल्यावर लेप जागच्या जागी करपतो, आणि खार वितळेपर्यंत हा कोळसा रव्याला धरून ठेवतो. गुंज अत्यंत विषारी असते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्यातला अब्रिन हा विषारी पदार्थ अगदी थोडा पोटात किंवा श्वासातून गेला तरी जीव जाऊ शकतो. म्हणून तिची कोरडी पूड करू नये आणि घरात मुले असतील तर हा प्रयोगच करू नये. आज सोपा आणि निर्धोक डिंक सहज मिळतो.

रवाकामाचे जगातले सर्वांत थक्क करणारे नमुने इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचे. 1836 साली चेर्वेतेरी इथे रेगोलिनी-गालास्सी नावाची कबर उघडली गेली. तीत ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातले सोन्याचे दागिने निघाले, आणि त्यांवर इतके बारीक रवे होते की सांधा भिंगातूनही सापडेना. डाख वापरला असता तर तो रव्यांच्या मधल्या दऱ्या भरून बसला असता. इथे प्रत्येक रवा सुटा, गोल आणि तरीही पक्का. रोममधल्या कास्तेल्लानी घराण्याने एकोणिसाव्या शतकात ही कला पुन्हा साधण्यासाठी फार खटपट केली. सांत'आंजेलो इन वादो या डोंगरी गावातून जुनी रीत जपलेले कारागीर त्यांनी रोमला आणले. काम सुंदर झाले, पण प्राचीन कामाची बारकाई पुरती हाती लागली नाही. रवाकाम आपल्या उपखंडालाही नवे नव्हते. तक्षशिलेच्या सिरकप भागात जॉन मार्शल यांच्या उत्खननात निघालेल्या सोन्याच्या दागिन्यांवरही ते आहे.

कोडे उलगडले 1930 च्या दशकात, आणि ते उलगडणारे इंग्लंडमधले एच. ए. पी. लिटलडेल. त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. डाख बाजूला ठेवायचा आणि तांब्याचा क्षार सरसात कालवून त्यानेच रवे चिकटवायचे, एवढीच ही पद्धत. पुढचे सगळे विस्तव करतो. शंभर अंशांच्या आसपास क्षाराचे तांब्याच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. 600 अंशांपाशी सरसाचा कोळसा होतो. 850 अंशांपाशी हा कोळसा ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि शुद्ध तांब्याचा अतिशय पातळ थर नेमका रवा जिथे टेकला आहे तिथेच उरतो. सोने वितळते 1064 अंशांना आणि तांबे 1085 ला. पण दोघे एकमेकांना भिडले की त्यांचे मिश्रण 900 अंशांच्या आसपासच वितळते. तेवढा एक बिंदू वितळून रवा खालच्या पत्र्याला जोडला जातो आणि बाकी सोने जसेच्या तसे घन राहते. जागेवर धरणारा लेपच शेवटी सांधा होतो. धातुकामात याहून देखणी कल्पना मला माहीत नाही.

एका दागिन्यात अनेक सांधे असले की क्रमाचा विचार करावा लागतो, कारण दुसरा सांधा झाळताना पहिला वितळू शकतो. चांदीच्या कामात यासाठी कडक, मध्यम आणि मऊ असे तीन डाख ठेवतात आणि त्याच क्रमाने वापरतात. तिन्ही मिळून 700 ते 780 अंशांच्या दरम्यानच बसतात. ही जेमतेम ऐंशी अंशांची शिडी कारागीर धातूच्या रंगावरून ओळखत चढतो. झाळण्याची जागा थोडी अंधारी ठेवतात ती याचसाठी, लख्ख उन्हात मंद लाली दिसत नाही. आधीच्या सांध्यावर गेरूचा लेप दिला तर डाख तिथून हलत नाही. गेरू नव्या सांध्यावर मात्र सांडता कामा नये.

कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी हे चांदीचे गाव. तिथे पैंजणांच्या साखळ्या गुंफण्याचे काम घराघरांत चालते. साखळीत कड्यांची संख्या इतकी असते की एकेक सांधा वेगळा झाळणे परवडत नाही. यंत्रावर होणाऱ्या साखळ्यांसाठी यावर एक हुशार तोड निघाली आहे. साखळी तेल आणि डाखाची भुकटी यांत भिजवतात, म्हणजे भुकटी प्रत्येक कडीच्या फटीत शिरते. मग साखळी शंखजिऱ्याच्या पुडीत घोळतात. कडीच्या अंगावरची भुकटी या पुडीने निघून जाते आणि फटीतली तेवढी राहते. भट्टीतून गेल्यावर हजारो सांधे एकदम लागतात आणि कड्या एकमेकींना चिकटत नाहीत. फट अरुंद असली की डाख तिथे टिकतो, हाच नियम इथे सगळे काम करतो.

लेसरने बरेच नियम बदलले. भिंगाखाली दोन तुकडे हातात धरायचे, फुलीचे चिन्ह सांध्यावर आणायचे आणि पायाने कळ दाबायची. काही मिलिसेकंदांच्या झोताने ठिपक्याएवढा धातू वितळून जोडला जातो, आणि शेजारी बसवलेल्या मोत्यालाही धग लागत नाही. मोठ्या दुकानांत लेसरचा आणखी एक उपयोग करतात. तुकडे दोन ठिपक्यांनी नुसते टाचून घ्यायचे आणि मग नेहमीसारखे डाखाने झाळायचे. लोखंडी तार, काटे, प्लास्टर यांतले काहीच लागत नाही. पण तुकडे आधी एकमेकांना नीट भिडलेले असावे लागतात, ही अट लेसरलाही चुकलेली नाही. उलट ती जास्तच कडक झाली, कारण लेसरच्या ठिपक्यापाशी फट असेल तर तिथे ओढून आणायला डाखच नसतो.

जुळवणीचा संबंध ग्राहकाच्या खिशाशीही येतो. सांधा सैल असला की डाख जास्त लागतो, आणि डाखाचा कस दागिन्याहून कमी असेल तर सगळ्या दागिन्याचा कस उतरतो. 916 कसाच्या दहा ग्रॅम दागिन्यात 0.3 ग्रॅम डाख 750 कसाचा असेल तर दागिना वितळवल्यावर कस 911 भरतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून देशभर गेलेल्या गलाई व्यावसायिकांच्या मुशीत हा फरक लगेच उघडा पडतो. जुना दागिना मोडताना सोनार जी घट धरतो, तिच्यातला एक वाटा या डाखाचा असतो. हीच घट टाळण्यासाठी मध्यंतरी कॅडमियमचा डाख आला आणि केडीएम या नावाने घरोघरी माहीत झाला. 92 भाग सोने आणि 8 भाग कॅडमियम, त्यामुळे कस टिकत असे. पण कॅडमियम 767 अंशांनाच उकळते. झाळताना त्याचा धूर थेट कारागिराच्या छातीत जातो, आणि तो फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात त्याचा समावेश आहे. कस राखण्याचा खर्च कोंदट खोलीत बसलेल्या कारागिराच्या तब्येतीतून वसूल व्हावा, ही गोष्ट मला कधीच मान्य होण्यासारखी नाही. आता जस्तासारख्या धातूंचे, दागिन्याच्याच कसाचे डाख मिळतात आणि तेच वापरायला हवेत.

1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. कसाची शंका त्यामुळे बरीच मिटली आहे. सांध्यांचा दर्जा मात्र कुठलाही शिक्का सांगत नाही, तो आपणच पाहायचा. दागिना पालथा करा आणि भिंग मागून घ्या. चांगला सांधा बारीक, अखंड रेघेसारखा दिसतो. डाखाचा फुगवटा, टाचणीएवढी छिद्रे, तिरकी दांडी किंवा एकमेकांना पुरती न भिडलेली घरे दिसली तर बिल करण्याआधीच दुरुस्ती मागा. आणि काम स्वच्छ असेल तर घडणावळीत घासाघीस करू नका. ती रक्कम त्या जुळवणीसाठीच असते.